टिलर पायलट : दोन भोकं आणि आठ महिने

टिलर म्हणजे सुकाणू वळवायचं हँडल, आणि ते आपोआप हलवून होडी ठरलेल्या दिशेला ठेवणारं यंत्र म्हणजे टिलर पायलट. माझा मी ऑक्टोबरात बसवला, मेअखेरीस उतरवून घरी आणला. माझी होडी 22 फुटी, फायबरची, सुकाणू मागच्या फळीला बाहेरून टांगलेलं. पणजीला मांडवीत उभी असते. बहुतेक वेळा मी एकटाच जातो. टिलर सोडून शीड आवरायला उठलो की नाळ (होडीचं पुढचं टोक) भलतीकडे वळायची, म्हणून हा खर्च.

यंत्र साधंच. 12 व्होल्टची मोटर, आतबाहेर होणारा दांडा आणि पोटात इलेक्ट्रॉनिक होकायंत्र. सगळी मेख आहे बसवण्यात. माझ्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये दोन मापं आहेत: सुकाणूच्या आसापासून टिलरवरच्या पिनपर्यंत 460 मिलिमीटर आणि त्या पिनपासून बाकावरच्या सॉकेटपर्यंत (यंत्राचं दुसरं टोक बसतं ती खोबण) 589, तेही टिलरला काटकोनात. मी शहाण्याने 460 मोजले ते मागच्या फळीपासून. आस असतो फळीच्या बाहेर, बिजागऱ्यांच्या खिळ्यात! पिन आठ सेंटिमीटर पुढे गेली. दांडा पूर्ण बाहेर आला तरी सुकाणू हवं तेवढं वळेना. दोन आठवडे मी यंत्राला शिव्या घातल्या. शेवटी मेस्ताने (कारागिराने) टेप लावला आणि काही न बोलता माझ्याकडे नुसतं बघितलं. जुनं भोक एपॉक्सीने बुजवलं, नवं पाडलं.

सॉकेटचीही तीच गत. बाकाचं फायबर पातळ. जोराच्या वाऱ्यात सॉकेट भोकातच डुलायला लागलं. मग खालून मरीन प्लायचा ठोकळा एपॉक्सीने चिकटवला. टिलर बाकापेक्षा बराच उंच, त्यामुळे यंत्र तिरकं बसत होतं. टिलरखाली स्टेनलेस स्टीलचा कंस लावून पिन खाली आणली, तेव्हा ते आडवं सपाट झालं. वायर मी आधी बारीक टाकली होती. दांड्यावर जोर आला की व्होल्टेज पडायचं आणि यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचं. 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकल्यापासून हा त्रास संपला.

आता चालतं कसं? सकाळी मतलई वाऱ्यावर आग्वादच्या बाहेर पडून उत्तरेला शापोऱ्याच्या दिशेने निघालो की उत्तम. चहा ओतून घेता येतो, शीड निवांत बांधता येतं. दुपारी वायव्येचा वारा वाढला की खरी परीक्षा. मेनसेल (मुख्य शीड) पूर्ण उघडं ठेवलं तर होडी सारखी वाऱ्याकडे वळू बघते, दांडा कण्हत राहतो आणि बॅटरी खाली जाते. एक रीफ घेतला, म्हणजे शीड थोडं आवरून लहान केलं, की तेच यंत्र गुपचूप काम करतं. म्हणून पायलट कुरकुरला की मी आधी शिडाकडे बघतो.

परतताना लाटा मागून तिरक्या येतात, तिथे मात्र तो कमी पडतो. नाळ फिरल्यावरच त्याला कळतं, तोवर लाटेने शेपूट ढकललेलं असतं. गेन (यंत्राने किती जोरात प्रतिसाद द्यायचा ती सेटिंग) वाढवून बघितला, थोडाच फरक पडला. मांडवीच्या मुखाशी, वाळूच्या पट्ट्यावर टिलर माझ्याच हातात. जाळ्यांचे बोये आणि बार्ज त्याला दिसत नाहीत हेही ध्यानात ठेवा. एकटे असाल तर लाइफ जॅकेट आणि होडीला अडकवलेला कमरेचा पट्टा हवाच. तुम्ही पाण्यात पडलात तर होडी नाकासमोर निघून जाईल, पायलट चालू असल्यामुळे आणखीच सरळ.

एकदा मेहुणा बरोबर होता. त्याने गाणी लावायला ब्लूटूथ स्पीकर बाकावर, अगदी यंत्राला टेकवून ठेवला आणि होडी संथपणे किनाऱ्याकडे वळायला लागली. स्पीकरचं चुंबक! मला कळेपर्यंत दोन गाणी झाली होती.

सध्या पायलट कपाटात आहे, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. पावसाळ्यानंतर डाव्या बाकालाही सॉकेट बसवणार आहे. दिशेची सेटिंग उलटी केली की तिकडूनही चालतो. उजव्या बाकावर मेहुणा बसतो.