नोकरी सांभाळून इग्नूचं एमबीए : दोन सत्रांनंतर

पंधरा-वीस वर्षं नोकरी झालेल्याने इग्नूच्या (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या) एमबीएला प्रवेश घेताना आधी तासांचा हिशेब मांडावा, फीचा नंतर. अभ्यासक्रम 116 श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा), एका श्रेयांकाला 30 तास, म्हणजे एकूण 3480 तास. दोन वर्षांत उरकायचं तर आठवड्याला 33 तास बसावं लागतं. चार वर्षांची मुदत पुरेपूर वापरली तर 17. शिफ्टची नोकरी असताना 33 तास निघत नाहीत. तरी पहिल्या सत्रात सात विषय दिसतात म्हणून सातही पेपरांचे फॉर्म भरले जातात, आणि गाडी तिथेच अडते. जून आणि डिसेंबर, दोन्ही परीक्षांना हवे तेवढेच पेपर देता येतात. चार धरा. लेखाशास्त्र आणि संख्यात्मक विश्लेषण एकाच खेपेला घेऊ नका. दोन्हींना रोज हाताने गणितं सोडवावी लागतात.

असाइनमेंटला 30 टक्के, सत्रांत परीक्षेला 70 टक्के गुण. असाइनमेंट हाताने लिहायची असते, तेव्हा एका विषयाला दोन रविवार राखून ठेवा. असाइनमेंटच्या प्रश्नपत्रिकेवर छापलेलं सत्र आधी तपासा. मागच्या सत्राचे प्रश्न सोडवून दिले तर सगळी मेहनत पाण्यात जाते. पुस्तकं इग्नूच्या ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर फुकट आहेत. प्रवेशाआधी त्यातली दोन प्रकरणं वाचून पाहा.

खरी अडचण मात्र अनुभवाचीच होते, आणि हे कुणी आधी सांगत नाही. प्रेरणेवर प्रश्न आला की सुपरवायझर राहिलेला माणूस लिहितो, ‘पगार वाढवला की लोक मन लावून काम करतात.’ मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्गने 1959 साली मांडलेल्या द्विघटक सिद्धांतात पगार, पंखा, कँटीन, कंपनीचे नियम हे नाराजी टाळणारे घटक आहेत. कामाची गोडी लावतात ती जबाबदारी, कौतुक आणि कामातलं यश. म्हणून उत्तरात आधी सिद्धांत चार ओळींत मांडा, मग आपल्या खात्यातला एकच प्रसंग घ्या: कँटीन सुधारलं, तक्रारी थांबल्या, उत्पादन होतं तिथेच राहिलं. असं का झालं, ते सिद्धांताच्या शब्दांत लिहा. नुसता प्रसंग लिहिला तर पान भरतं, गुण मिळत नाहीत.

लेखाशास्त्रात उलट घडतं, तिथे अनुभव कामी येतो. हे गणित पाहा: स्थिर खर्च 60,000, विक्री किंमत 250, नगामागे बदलता खर्च 150. नगामागे 100 सुटतात, म्हणून 600 नगांवर ना नफा ना तोटा. ज्याने स्टोअर किंवा कॉस्टिंग पाहिलंय त्याला हे वाचताक्षणी कळतं. तरीही पायऱ्या सोडू नका, गुण पायऱ्यांना असतात.

प्रकल्पाचा विषय स्वतःच्या खात्यातलाच घ्या. पण प्रस्ताव मंजुरीला पाठवण्याआधी कंपनीकडून माहिती वापरण्याची लेखी परवानगी घ्या. पगार आणि नफ्याचे आकडे लागणारा विषय बहुधा इथेच अडकतो. गैरहजेरी, प्रशिक्षण किंवा मेंटेनन्समध्ये वाया जाणारा वेळ यांचे आकडे मिळवणं त्यामानाने सोपं जातं.