निकॉन २००-५००: फोटो धूसर येतोय? आधी लेन्सला बोल लावू नका

२०१५ साली आलेली ही लेन्स पुण्यातल्या पक्षीवेड्यांच्या बॅगेत अजून टिकून आहे, ती ५०० मिमीलाही कायम राहणाऱ्या एफ ५.६ ॲपर्चरमुळे (प्रकाश आत घेणाऱ्या छिद्रामुळे). डी ५०० या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर लावली की ७५० मिमीइतकी चौकट मिळते. वजन मात्र ट्रायपॉडला जोडायच्या कॉलरसकट २३०० ग्रॅम. सिंहगड व्हॅलीत तासभर हातात धरा, मनगट बोलायला लागतं.

शार्पनेस ५.६ लाच चांगला आहे, ६.३ ते ७.१ ला थोडा वाढतो. फोटो हलतो तो बहुतेक वेळा शटरचा वेग कमी पडल्यामुळे. फांदीवरच्या खंड्याला १/८००, उडत्या नदीसुरयाला १/२०००, आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) खुशाल ऑटोवर सोडा. चढला तरी फोटोतले दाणे नंतर बऱ्यापैकी कमी करता येतात, हललेला डोळा सुधारत नाही. व्हीआर (हाताची थरथर कमी करणारी सोय) ट्रायपॉडवर बंद, बोटीत स्पोर्ट मोडवर. ९५ मिमीचा स्वस्त यूव्ही फिल्टर लावला असेल तर आधी तो काढून बघा! तरीही फोकस दर वेळी एकाच बाजूला, पुढे किंवा मागे, पडत असेल तर बॉडीतलं एएफ फाइन-ट्यून (ही चूक भरून काढणारी सेटिंग) करा. भिगवणला ऊन चढल्यावर पाण्यावरची हवा थरथरते. तेव्हा लांबचे रोहित कुठल्याच लेन्समध्ये शार्प येत नाहीत.

फोकस लिमिटरची, म्हणजे फोकसची हद्द ठरवणाऱ्या बटणाची, गंमत वेगळी. कवडी पाटला नदीकाठी तो ६ मीटर ते अनंतवर ठेवला की फोकस इकडेतिकडे भटकत नाही. तोच तसाच ठेवून सिंहगडाच्या लपणात (हाइडमध्ये) बसलात, तर चार मीटरवर आलेला पक्षी लेन्स पकडणारच नाही.

चौकटीची खरी परीक्षा शेकाट्या घेतो. मधला फोकस पॉइंट डोळ्यावर ठेवून दाबलं की डोकं मधोमध, वर रिकामं आकाश आणि गुलाबी पाय खाली कापलेले. कॉलरचा स्क्रू सैल करून कॅमेरा उभा फिरवा, वरच्या रांगेतला पॉइंट घ्या, प्रतिबिंबासाठी खाली जागा सोडा. बोटीत उभं राहू नका. जितकं खाली बसाल तितकी मागची पाणथळ दूर जाऊन मऊ होते.

झूमची रिंग फारच लांब फिरते, २०० ते ५०० एका हिसक्यात होत नाही. थवा येताना दिसला की आधीच ४००ला थांबा, पंख कापले जाणार नाहीत.

सेकंडहँड घेताना लेन्स ५००ला पूर्ण बाहेर काढून आत टॉर्च मारा. नळी बाहेर येणारी असल्याने धूळ आत शिरते, पावसाळ्यात बुरशीही धरते. कॉलरच्या पायाला आर्का खाच (ट्रायपॉडच्या पकडीत थेट सरकवायची) नाही, प्लेटचा खर्च वेगळा धरा.