पाया भरला जाण्याआधीच सत्तर टक्के रक्कम गेली

नाशिकच्या सिडकोतील आमचे घर बैठ्या रांगेतले आहे. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक आहेत आणि घराला कॉलम नसल्यामुळे सगळा भार विटांच्या भिंतींवरच आहे. मोठी मुलगी चार वर्षांची, धाकटा रांगणारा आणि त्यात आई-बाबाही आमच्याकडे राहायला आलेले, म्हणून मागे स्वयंपाकघर वाढवून वर दोन खोल्या चढवायचे आम्ही 2022 च्या दिवाळीनंतर ठरवले.

दोन कंत्राटदारांनी मटेरियलसह चौरस फुटाला दोन हजारांच्या आसपास दर सांगितला, तर तिसऱ्याने 1,650. सातशे चौरस फुटांचे 11,55,000 रुपये होत होते. तो मागच्या गल्लीत एक काम करत होता, ते आम्ही पाहिलेही होते; मात्र त्या घरमालकाशी बोलायचे आम्हाला सुचले नाही. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर करार झाला आणि त्यात एकूण रक्कम व हप्ते एवढेच लिहिले होते. सळई कोणत्या प्रतीची, पाया किती खोल, काँक्रीटचे प्रमाण काय, यांबद्दल एक ओळही नव्हती. लोखंडाचे भाव वाढण्याआधी माल उचलतो असे सांगून त्याने चाळीस टक्के आगाऊ घेतले आणि पायाचे काम चालू असतानाच आणखी तीस टक्के नेले. म्हणजे जमिनीच्या वर एक वीटही चढलेली नसताना 8,08,500 रुपये त्याच्या खात्यात जमा होते आणि त्या दिवसापासून त्याला आमची गरज उरली नव्हती.

पायाचे खड्डे काळी माती ओलांडून मुरूम लागेपर्यंत, निदान पाच फूट घ्यायचे असे इंजिनिअरच्या नकाशात होते. मी कामावर असताना खड्डे भरले गेले आणि संध्याकाळी मोबाइलवर खोल खड्ड्यांचे फोटो आले. त्या फोटोंत मागे शेवग्याचे झाड दिसत होते, आणि आमच्या अंगणात झाड कधीच नव्हते, हे माझ्या पत्नीच्या लक्षात आले ते तब्बल तीन आठवड्यांनी. एका बाजूने उकरून पाहिल्यावर पाया जेमतेम तीन फुटांचा निघाला.

सळईचा प्रकार माझ्या मामांनी पकडला. ते निवृत्त ओव्हरसियर आहेत. व्यासाच्या वर्गाला 162 ने भागले की मीटरमागे किलोत वजन मिळते, या हिशेबाने बारा मिलिमीटरची बारा मीटर लांब सळई साधारण 10.66 किलोची हवी. भंगारवाल्याच्या काट्यावर आमची 9.6 किलो भरली आणि तिच्यावर कंपनीचे नाव किंवा आयएसआयची खूणही उमटलेली नव्हती. ‘रोलिंगमध्ये एवढे कमी-जास्त होतेच,’ असे कंत्राटदार म्हणाला. पण बारा मिलिमीटरला मानकात पाच टक्क्यांचीच सूट आहे, हे मामांनी त्याला तिथेच सांगितले.

प्लॅन पास करून देण्यासाठी त्याने वेगळे 45,000 रुपये घेतले होते आणि परवानगीची झेरॉक्सही आणून दिली होती. खोदकामाने सामाईक भिंतीला तडा गेल्यावर शेजारच्या काकांनी तक्रार केली, तेव्हा महापालिकेच्या नगररचना विभागात कळले की त्या झेरॉक्सवरचा क्रमांक भलत्याच प्लॉटचा आहे. प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम 53 ची नोटीस आली ती अर्थातच माझ्या नावाने, कारण घर माझे. मूळ परवानगी स्वतः जाऊन पाहायला मला अर्धा दिवस लागला असता.

कंत्राटदाराचा फोन तेव्हापासून बंद आहे. ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी ही सेवा धरली जाते, म्हणून आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. प्रत्यक्ष दिलेली रक्कम पाच ते दहा लाखांत असेल तर तिथे दोनशे रुपयेच शुल्क लागते. करार इतका मोघम आहे की वकिलांना त्यातून फारसे काही हाती लागले नाही. बँकेतून दिलेले हप्ते, ते शेवग्याचे फोटो आणि मामांनी काट्यावर घेतलेली वजने यांचाच आता आधार आहे. काकांची भिंत आम्ही आमच्या खर्चाने दुरुस्त करून दिली. नव्या परवानगीचा अर्ज दिला आहे, स्वयंपाक पुढच्या खोलीत होतो, आणि मागे उभ्या असलेल्या सळया गंजू नयेत म्हणून त्यांना सिमेंटचा पातळ घोळ फासून ठेवला आहे, जरी मामांच्या मते त्या शेवटी कापूनच काढाव्या लागणार आहेत.