एक व्हेरिएबल, अनेक मूल्यं: जोडलेली स्ट्रिंग, साधा ॲरे की किल्लीचा ॲरे?

थंडी पडली की बेळगावच्या आसपासच्या गावांत मराठी साहित्य संमेलनांचे दिवस येतात. येळ्ळूर, कडोली, उचगाव, कुद्रेमानी. सकाळी ग्रंथदिंडी, मग उद्घाटन, कथाकथन, कविसंमेलन. अशाच एका गावासाठी मी नावनोंदणीचा फॉर्म पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेत लिहून दिला होता. एका माणसाला हवी तेवढी सत्रं निवडता यावीत, एवढीच मागणी होती. निवडलेली सत्रं ठेवायची एकाच व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या एकाच खणात. ती कशी ठेवायची हे ठरवताना मी सुरुवातीला चुकलो. तुम्हीही असाच काही फॉर्म लिहायला बसला असाल, तर ही तुलना तुमच्यासाठी.

सर्वांत सोपी वाट म्हणजे सगळी मूल्यं स्वल्पविरामाने जोडून एक स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची सलग ओळ, करणे:

$सत्रे = 'ग्रंथदिंडी, कथाकथन, कविसंमेलन';

(देवनागरीत नाव दिलेलं व्हेरिएबल पीएचपी आणि ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट दोन्हींत चालतं. फाइल यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत जतन करा म्हणजे झालं.) ही स्ट्रिंग छापायला सोपी, डेटाबेसच्या एका रकान्यात बसते, ईमेलमध्ये तशीच टाकता येते. मीही हेच केलं, आणि सत्रांपुरतं ते निभावलंसुद्धा. मग पत्त्यांची यादी त्याच पद्धतीने जोडली. आपल्याकडचा पत्ता कसा असतो? ‘मु. पो. येळ्ळूर, ता. जि. बेळगाव’. स्वल्पविराम पत्त्यातच आहे. पीएचपीच्या एक्स्प्लोड या फंक्शनने स्ट्रिंग तोडली की एका माणसाच्या पत्त्याचे दोन तुकडे होतात, आणि त्यापुढच्या प्रत्येकाचा पत्ता दुसऱ्याच्या नावासमोर जाऊन बसतो. स्वल्पविरामाऐवजी उभी रेघ वापरा, असा सल्ला मिळतो. पण लोक पत्त्यात काय लिहितील यावर आपला ताबा नसतो, म्हणून तो उपाय तात्पुरताच.

दुसरी अडचण जास्त चकवणारी आहे. वरच्या ओळीत स्वल्पविरामानंतर एक मोकळी जागा आहे. एक्स्प्लोडला नुसता स्वल्पविराम दिला, तर दुसरं मूल्य ‘कथाकथन’ नसतं, पुढे मोकळी जागा असलेलं ‘ कथाकथन’ असतं. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, तुलना मात्र खोटी ठरते. प्रत्येक तुकड्यावर ट्रिम (कडेच्या मोकळ्या जागा काढणारं फंक्शन) फिरवल्याशिवाय सुटका नाही. आणि न तोडताच स्ट्रिंगमध्ये शोधायला गेलात, तर ‘कंग्राळी’ शोधताना कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द दोन्ही हाती येतात. गावं वेगळी, माणसं वेगळी.

साध्या ॲरेत, म्हणजे मूल्यांच्या यादीत, हे प्रश्नच उरत नाहीत:

$सत्रे = ['ग्रंथदिंडी', 'कथाकथन', 'कविसंमेलन'];

प्रत्येक मूल्य स्वतंत्र राहतं, आत कितीही स्वल्पविराम असू देत. मोजता येतं, लूपने एकेक काढता येतं, छापायचं असेल तेव्हा इम्प्लोडने जोडता येतं. चौकोनी कंसाची ही लिहिण्याची रीत पीएचपी ५.४ पासून, म्हणजे २०१२ पासून आहे. मूल्यं एकाच जातीची असतील आणि ‘यात काय काय आहे’ एवढंच विचारायचं असेल, तर यापुढे जायची गरज नाही.

पण ॲरे फॉर्ममधून सर्व्हरपर्यंत नीट पोहोचला पाहिजे. चेकबॉक्सच्या नावापुढे रिकामा चौकोनी कंस टाकायला विसरलात, तर पीएचपीला निवडलेल्यांपैकी फक्त शेवटचं मूल्य मिळतं. तीन सत्रांवर खूण केलेला माणूस यादीत एकट्या कविसंमेलनाला आलेला दिसतो. जावास्क्रिप्टमध्ये उलटं होतं. तिथे फॉर्ममधली मूल्यं देणाऱ्या फॉर्मडेटाला ‘गेट’ने विचारलं की पहिलंच मूल्य मिळतं, सगळी हवी असतील तर ‘गेटऑल’ लागतं. एकच फॉर्म, एकच चूक, आणि दोन्हीकडे वेगळं उत्तर. चूक शोधताना हे माहीत असलं की बरेच तास वाचतात.

किल्लीचा ॲरे, म्हणजे प्रत्येक मूल्याला स्वतःचं नाव (किल्ली) दिलेला ॲरे, कधी लागतो, हे मला त्याच गावच्या वाचनालयातल्या एका काकांनी शिकवलं. १ नोव्हेंबर २०१४ला शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं. लोक मात्र फॉर्ममध्ये बेळगाव लिहितात, जुन्या वळणाने बेळगांव लिहितात, बेळगावीही लिहितात. कुठल्या गावातून किती माणसं येणार, याची यादी मी काढून दिली तर त्यात एकच शहर तीनदा आलं. काका म्हणाले, “एकच गाव हाय की ते! तिघांना एका वळीत बसवा.” साध्या ॲरेत त्यासाठी प्रत्येक नावाला वेगळी अट लिहावी लागली असती. किल्लीच्या ॲरेत ते सरळ मावलं:

$गावे = ['बेळगाव' => 'बेळगाव', 'बेळगांव' => 'बेळगाव', 'बेळगावी' => 'बेळगाव'];
$नाव = $गावे[$आलेले] ?? $आलेले;

दुसऱ्या ओळीतली दोन प्रश्नचिन्हं पीएचपी ७ पासूनची. किल्ली सापडली नाही, तर लोकांनी लिहिलेलं नाव ($आलेले) तसंच ठेवा, असा त्यांचा अर्थ. इथे सगळी यादी चाळावी लागत नाही, किल्लीने थेट मूल्यावर पोहोचता येतं. ‘यात काय आहे’ याऐवजी ‘याचं काय’ हा प्रश्न असेल, तर हाच घ्या, यात मला शंका नाही. नाव आणि पत्ता, सत्र आणि वेळ, गाव आणि माणसं: जोडी आली की किल्ली.

जावास्क्रिप्टमध्ये हेच काम ऑब्जेक्ट करतो, पण किल्ली पिनकोड असेल तर जपा. आधी खानापूरचा ५९१३०२ लिहिला, मग निपाणीचा ५९१२३७, मग बेळगावचा ५९०००१, तरी ऑब्जेक्ट त्यांना चढत्या क्रमाने लावतो आणि बेळगाव पहिलं येतं. आकड्यासारख्या किल्ल्यांबाबत त्याचा नियमच तसा आहे. लिहिलेला क्रम हवा असेल तर मॅप (किल्ली-मूल्याच्या जोड्या ठेवणारा दुसरा प्रकार) घ्या. पीएचपीचा ॲरे क्रम सांभाळतो, पण पिनकोडची स्ट्रिंग आकड्यात बदलतो, आणि असे दोन ॲरे ॲरे-मर्जने जोडले की पिनकोड जाऊन शून्यापासून नवे क्रमांक येतात. अधिक चिन्हाने जोडले तर किल्ल्या शाबूत राहतात. दुबार नावं नको असतील, तर जावास्क्रिप्टमध्ये सेट आणि पीएचपीत ॲरे-युनिक आहे.

दोन्ही भाषांत काम करणाऱ्याने आणखी एक फरक ध्यानात धरावा. पीएचपीत एक ॲरे दुसऱ्या व्हेरिएबलला दिला, की त्याची वेगळी प्रत झाल्यासारखं असतं. जावास्क्रिप्टमध्ये दोन्ही नावं एकाच यादीकडे बोट दाखवतात, एकीकडे पुशने मूल्य जोडलं की दुसरीकडेही दिसतं.

मग स्ट्रिंग कधी? मूल्यं ब्राउझर आणि सर्व्हरच्या मधली वेस ओलांडतात तेव्हा. ब्राउझरमध्येच माहिती साठवणारं लोकलस्टोरेजही फक्त स्ट्रिंग ठेवतं. ॲरे तसाच दिलात तर तो गुपचूप स्वल्पविरामाने जोडला जातो आणि पत्त्यांचं वर सांगितलेलं दुखणं परत येतं. म्हणून इथे जेसन (यादी स्ट्रिंगमध्ये लिहायची ठरलेली पद्धत) वापरा, ते स्वल्पविराम नीट सांभाळतं. मराठी मजकुरासाठी मात्र पीएचपीला ‘अनएस्केप्ड युनिकोड’ हा पर्याय द्या. ‘बेळगाव’ या शब्दाचे यूटीएफ-८ मध्ये १८ बाइट होतात, आणि तो पर्याय दिला नाही तर अक्षरांऐवजी त्यांचे संकेत लिहिले जाऊन ३६. माहिती बिघडत नाही, पण डेटाबेसमध्ये डोकावल्यावर गावाचं नाव वाचता येत नाही.

ॲरे-फिल्टरने नको ती नावं गाळून उरलेला ॲरे थेट जेसन करू नका. मधले क्रमांक गेल्यामुळे पीएचपी त्याचा ऑब्जेक्ट करतं आणि पलीकडे जावास्क्रिप्टमधला लूप अडतो. आधी ॲरे-व्हॅल्यूज फिरवा.

नोंदी वर्षानुवर्षं ठेवायच्या असतील, तर हा व्हेरिएबलचा प्रश्नच राहत नाही. डेटाबेसमध्ये स्वतंत्र तक्ता करा, प्रत्येक निवडीला एक ओळ.

आणि आधीची स्क्रिप्ट स्वल्पविरामांनी भरलेली असेल, तर सगळी पाडू नका. स्ट्रिंग जिथे वाचली जाते त्या एकाच ठिकाणी तोडा, ट्रिम करा, रिकामे तुकडे गाळा आणि तिथून पुढे ॲरेच फिरवा. ज्या यादीत पत्ते असतील ती मात्र हाताने तपासा. कुठला स्वल्पविराम पत्त्याचा आणि कुठला यादीचा, हे स्क्रिप्टला कळत नाही, गावातल्या माणसाला कळतं.