लिनक्स मिंटचा सॉफ्टवेअर मॅनेजर: शोधायला झकास, आवरायला अपुरा

लिनक्स मिंट ही घरच्या कॉम्प्युटरसाठीची मुक्त ऑपरेटिंग सिस्टम. तिची मिंट 22 ही मालिका जुलै 2024 मध्ये आली. तिचा पाया उबुंटू 24.04 या दुसऱ्या लिनक्स सिस्टमचा आहे आणि सुरक्षा अपडेट 2029 पर्यंत मिळणार आहेत. प्रोग्राम शोधून बसवण्याचा सॉफ्टवेअर मॅनेजर त्यात आधीपासून बसवलेलाच असतो. पूर्वी तो उघडायला अंमळ वेळच घ्यायचा. आता खिडकी जवळपास लगेच येते आणि याद्या मागून भरत राहतात. मुक्त सॉफ्टवेअर शोधून बसवण्यासाठी घरच्या कॉम्प्युटरवर यापेक्षा सोपी सोय क्वचितच सापडेल. बसवलेलं सांभाळायचं म्हटलं की मात्र याच्या जोडीला आणखी तीन खिडक्या लागतात.

आधी शोधाबद्दल. प्रोग्रामचं नाव माहीत असेल तर प्रश्नच नाही. ‘व्हिडिओ एडिटर’ असं काम टाकून शोधलं आणि काहीच हाती लागलं नाही, तर शोधाच्या पर्यायांत जाऊन सारांशातही शोधण्याची खूण केलेली आहे का ते बघावं. पूर्ण वर्णनात शोधण्याचाही पर्याय आहे, पण तो फारच रेंगाळतो, सारांशावर भागतं. तारे आणि अभिप्राय वाचताना तारीख आधी बघावी. कित्येक अभिप्राय चार-पाच आवृत्त्यांपूर्वीचे असतात आणि ‘चालू होत नाही’ ही तक्रार ज्या आवृत्तीबद्दल असते ती आता कोणाकडे नसते.

खरी मेख आहे ती प्रोग्रामच्या पानावरच्या एका छोट्या निवडपट्टीत: ‘सिस्टम पॅकेज’ की ‘फ्लॅटपॅक’? बरेच जण तिच्याकडे न बघताच ‘इन्स्टॉल’ दाबतात, आणि पुढच्या निम्म्या तक्रारी तिथूनच सुरू होतात.

सिस्टम पॅकेज म्हणजे उबुंटूच्या आणि मिंटच्या भांडारातलं, त्यांच्या अधिकृत साठ्यातलं. आकाराने लहान, बाकी सिस्टमशी जुळलेलं, पण आवृत्ती गोठलेली. चित्रं संपादित करणाऱ्या गिंपचं उदाहरण घ्या. भांडारात 2.10.36 आहे आणि या मालिकेत ती 2.10 च राहणार, कारण उबुंटूची दीर्घकालीन आवृत्ती एकदा ठरली की मुख्यतः दुरुस्त्याच येतात. गिंप 3.0 मार्च 2025 मध्ये आलं. ते हवं असेल तर फ्लॅटपॅक घ्यावं लागतं. दोन्ही एकाच वेळी बसवता येतात आणि मेनूत दोन गिंप दिसू लागतात. 3.0 च्या नव्या सोयी वापरून जतन केलेली फाइल 2.10 मध्ये उघडेलच असं नाही, आणि 2.10 साठी लिहिलेले प्लगइन 3.0 वर बहुधा चालत नाहीत. तेव्हा एक ठेवावं आणि दुसरं काढावं.

फ्लॅटपॅक फ्लॅटहब या ऑनलाइन भांडारातून येतं, बाकी सिस्टमपासून कुंपण घालून वेगळं चालतं आणि सोबत आपला ‘रनटाइम’ घेऊन येतं, म्हणजे त्या प्रोग्रामला लागणाऱ्या सामायिक लायब्ररींचा संच. पानावर आकार नीट वाचावा: किती डाउनलोड होणार आणि डिस्कवर किती जागा लागणार, हे दोन्ही तिथे लिहिलेलं असतं. चार-पाच एमबीच्या प्रोग्रामसाठी काही शे एमबी दिसले तर दचकू नये. तो रनटाइम आहे आणि तोच रनटाइम वापरणारा पुढचा प्रोग्राम तो पुन्हा उतरवत नाही. हे सगळं होम फोल्डरमध्ये जात नाही, तर सिस्टमच्या ‘व्हार’ फोल्डरखाली ‘लिब’मध्ये जातं. म्हणून मुख्य पार्टिशन वीस-पंचवीस जीबीचंच ठेवलेलं असेल, तर पाच-सहा फ्लॅटपॅकनंतर जागेची ओरड सुरू होते आणि होममध्ये ढीगभर जागा असूनही काही उपयोग होत नाही.

मग कुठून काय घ्यावं? ज्याला इतर प्रोग्रामशी किंवा हार्डवेअरशी थेट बोलायचं असतं, ते सिस्टम पॅकेज घ्यावं. कीपासएक्ससीचं ब्राउझर जोडणं हे नेहमीचं दुखणं: ब्राउझर फ्लॅटपॅकच्या कुंपणात असला, तर त्यातल्या एक्स्टेन्शनला पलीकडचा पासवर्डचा प्रोग्राम सहसा सापडत नाही. ही जोडी सिस्टम पॅकेजचीच ठेवावी. मिंटमधला फायरफॉक्स सिस्टम पॅकेजच असतो आणि तो वेळेवर अद्ययावत होतो, त्यामुळे तिथे काही गमवावं लागत नाही. याउलट ओबीएस, क्रिटा, केडीएनलाइव्ह, ब्लेंडर असे मोठे, आपल्यापुरते चालणारे आणि भराभर बदलणारे प्रोग्राम फ्लॅटपॅकमधून घेण्यात शहाणपण आहे.

फ्लॅटपॅक प्रोग्रामला बाहेरच्या डिस्कवरची फाइल दिसत नसेल, तर प्रोग्राम बिघडलेला नसतो. त्याला त्या फोल्डरची परवानगी नसते. फ्लॅटसील नावाचा छोटा प्रोग्राम फ्लॅटहबवर आहे. त्यात डावीकडे प्रोग्राम निवडायचा, उजवीकडे ‘फाइलसिस्टम’ विभागात नेमका तो फोल्डर जोडायचा आणि प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडायचा. सरसकट सगळ्या फाइली खुल्या करणारं बटणही तिथेच आहे. ते दाबलं की कुंपण नावापुरतंच उरतं.

मिंट 22 पासून ज्यांच्या प्रकाशकाची फ्लॅटहबवर पडताळणी झालेली नाही, अशी फ्लॅटपॅक यादीत दिसतच नाहीत. प्राधान्यक्रमांत जाऊन ती दाखवता येतात. मग ती इशाऱ्यासह आणि ताऱ्यांविना येतात. हा निर्णय योग्य आहे, पण त्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. पडताळणीतून एवढंच कळतं की पॅकेज मूळ विकासकांच्या संमतीने आलं आहे. ते मुक्त आहे की नाही, याच्याशी तिचा काही संबंध नाही. फ्लॅटहबवर झूम, स्लॅक, डिस्कॉर्ड यांसारखी बंदिस्त सॉफ्टवेअरही आहेत, तर स्वयंसेवकांनी बांधलेलं अस्सल मुक्त पॅकेज पडताळणीविना पडून असू शकतं. परवान्यासाठी फ्लॅटहबच्या संकेतस्थळावर त्या प्रोग्रामचं पान बघावं. सिस्टम पॅकेजसाठी सिनॅप्टिक या पॅकेजं हाताळणाऱ्या दुसऱ्या प्रोग्राममध्ये विभाग बघावा: ‘मेन’ आणि ‘युनिव्हर्स’ मुक्त, ‘रिस्ट्रिक्टेड’ आणि ‘मल्टिव्हर्स’ नाहीत. मुक्त सॉफ्टवेअरचा एवढा पुरस्कार करणाऱ्या मॅनेजरमध्येच परवान्यानुसार गाळण्याची सोय असू नये, याचं नवल वाटतं.

स्नॅप (उबुंटूची फ्लॅटपॅकसारखी स्वतःची पॅकेजं) इथे नाहीत. उबुंटूवर क्रोमियम ब्राउझरसाठी एपीटीला (सिस्टम पॅकेज बसवणाऱ्या यंत्रणेला) सांगितलं की पाठीमागून स्नॅपची यंत्रणा बसायची, हे कारण देऊन मिंट 20 पासून, म्हणजे 2020 पासून, ती वाट बंद आहे. क्रोमियमचं पॅकेज मिंट स्वतः बांधतं.

आता आवरण्याची बाजू. मेनूमधल्या ‘बसवलेले प्रोग्राम दाखवा’ या पर्यायाने यादी येते, पण ती जागेनुसार किंवा तारखेनुसार लावता येत नाही. काढून टाकताना सोबत आणखी काय जाणार याची यादी पुढे येते, ती वाचल्याशिवाय होकार देऊ नये. त्यात ‘मिंट मेटा’ने सुरू होणारं नाव दिसलं तर थांबावं, कारण नंतरच्या साफसफाईत डेस्कटॉपचे भाग अनावश्यक ठरून निघून जाऊ शकतात.

सिस्टम पॅकेज काढल्यावर त्याच्या सेटिंगच्या फाइली मागे राहतात. त्या पुसण्याचं बटण सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये नाही. ते ‘सॉफ्टवेअर सोर्सेस’च्या ‘मेंटेनन्स’ या भागात आहे. एखादं पीपीए (बाहेरच्या कोणी चालवलेलं भांडार) जोडून पस्तावलेल्यांसाठी परकी पॅकेजं जुन्या आवृत्तीवर आणण्याचं किंवा काढण्याचं बटणही तिथेच. जुने कर्नल (सिस्टमचा गाभा) आपोआप काढण्याची खूण अपडेट मॅनेजरच्या प्राधान्यक्रमांत ‘ऑटोमेशन’मध्ये करावी लागते, फ्लॅटपॅक आपोआप अद्ययावत करण्याचीही तिथेच. आणि जुने रनटाइम? जे मागे उरतील त्यांच्यासाठी टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची खिडकी, गाठावं लागतं: ‘फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल --अनयूज्ड’ (टाइप अर्थातच रोमन लिपीत). वर्षभर हात न लावलेल्या मशीनवर यातून एक-दोन जीबी सहज सुटतात. काढलेल्या फ्लॅटपॅकचा स्वतःचा डेटा होममधल्या ‘.व्हार’ या लपलेल्या फोल्डरखाली ‘ॲप’मध्ये राहतो. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबलं की तो दिसतो. पुसण्याआधी आत आपलं काही काम अडकलेलं नाही ना, एवढं बघावं.

बसवताना येणाऱ्या अडचणी बहुधा दोनच. ‘404’ आला तर यादी शिळी झालेली असते: भांडारात नवी आवृत्ती आली आणि आपलं मशीन जुन्या नावाची फाइल मागतंय. मेनूतून यादी ताजी केली की काम होतं. ‘दुसरी प्रक्रिया चालू आहे’ असं आलं, तर अपडेट मॅनेजर मागे काम करत असतो. दोन-चार मिनिटं थांबावं. लॉक फाइल (एका वेळी एकच प्रक्रिया चालावी म्हणून ठेवलेली खूण) पुसण्याचे जे सल्ले फिरत असतात त्यांच्या नादी लागू नये, पॅकेजची नोंदवही बिघडू शकते.

नव्या मशीनवर जाण्यापूर्वी मिंटच्या बॅकअप टूलमधून सॉफ्टवेअरची यादी जतन करता येते. फ्लॅटपॅकची यादी ‘फ्लॅटपॅक लिस्ट --ॲप’ या आज्ञेने वेगळी काढून ठेवावी, आणि संकेतस्थळांवरून हाताने उतरवलेल्या डेब फाइलींची (सुट्या सिस्टम पॅकेजांची) नावं कागदावर लिहावीत. त्यांतल्या बऱ्याच फाइली कोणत्याही भांडाराला जोडलेल्या नसतात, त्यामुळे त्यांना ना अपडेट मिळतं, ना नव्या मशीनवर त्या आपोआप परत बसतात.