टर्नटेबल जपानी की ब्रिटिश?

फोंड्याहून भाच्याचा फोन आला, "मामा, आजोबांच्या नाट्यसंगीताच्या रेकॉर्डी ऐकायच्यात. जपानी टेक्निक्स घेऊ की ब्रिटिश रेगा?"

दोन देशांचे दोन स्वभाव. टेक्निक्सची एसएल-१२०० मालिका १९७२ची. रेकॉर्ड जिच्यावर ठेवतात ती फिरती तबकडी तिच्यात थेट मोटरवरच फिरते, पट्टा नाही. वेग बटणाने बदलतो. रेगाच्या प्लॅनर ३ मध्ये काचेची तबकडी आणि रबरी पट्टा. मिनिटाला ३३ फेऱ्यांवरून ४५ वर जायचं तर तबकडी उचलून पट्टा हाताने सरकवायचा.

आपल्याकडे खरी परीक्षा पावसाळ्यात. कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तिथे रबराचं काय? पट्टा म्हातारा झाला की सूर किंचित डुलतो. हार्मोनियमचा लांबवलेला स्वर ऐका, लगेच कळेल. पट्टा बदलणं मात्र पाच मिनिटांचं काम, कुणालाही जमेल. टेक्निक्समध्ये ही कटकटच नाही. पण आतलं इलेक्ट्रॉनिक्स बिघडलं तर जाणकार कारागीर शोधावा लागतो.

आवाजाचं म्हणाल तर सुई चांगली असली की दोन्ही उत्तम. रेगावर गाणाऱ्याचा श्वास मला जरा जवळ वाटतो, तबल्याचा ठेका टेक्निक्सवर ठाम. किंमत साधारणपणे टेक्निक्सचीच जास्त.

घरात सगळेच हात लावणार, रोज ऐकणार, तर टेक्निक्स. एकट्याने, निवांत, रात्री ऐकायचं असेल आणि खिसा बेताचा असेल तर रेगा. भाच्याच्या घरी दोन लहान मुलं आहेत, म्हणून त्याला मी टेक्निक्स सांगितला.