नेत्रावळीचं मातीचं घर : सात महिने, चार मुक्काम

गोव्यातल्या नेत्रावळी गावात पाहुण्यांना खोल्या देणारं हे मातीचं घर. तिथली आमची पहिली खेप ऑगस्टमध्ये झाली, चौथी परवा फेब्रुवारीत. आम्ही फोंड्याचे. आईचे गुडघे धरतात, त्यामुळे आंघोळीच्या कढत पाण्याची चौकशी केल्याशिवाय मी कुठे खोली घेत नाही. राजापूरजवळच्या उन्हाळे गावासारखा गरम झरा इथे नाही, हे आधीच सांगतो. इथलं पाणी भाणातलं, म्हणजे चुलीवरच्या हंड्यात तापवलेलं.

न्हाणीच्या मागच्या चुलीवर तांब्याचं मोठं भाण आहे, बाहेरून काजळीने काळंकुट्ट. घरच्या वहिनी पहाटे पाचलाच नारळाची सोडणं आणि सुक्या झावळ्या घालून विस्तव करतात. त्या पाण्याला धुराचा वास असतो. पहिल्याच दिवशी आई न्हाणीतून बाहेर आली ती म्हणाली, "माझ्या माहेरचं पाणी रे हे!" गिझर असलेल्या दोन नव्या खोल्याही आहेत, पण पावसात वीज जाते, त्या घेऊ नका. डिसेंबरात घर भरलेलं होतं, भाण सातलाच रिकामं झालं आणि आईला कोमट पाण्यावर भागवावं लागलं. मला फार वाईट वाटलं, घरमालक दादांना तसं स्पष्ट सांगितलं. फेब्रुवारीत गेलो तर शेजारी दुसरं भाण बसवलेलं!

खरं सुख मात्र गोपीनाथाच्या देवळाकडच्या बुडबुड्यांच्या तळीवर. टाळ्या वाजवल्या की बुडबुडे वाढतात म्हणतात. मी पायरीवर अर्धा तास गप्प बसलो, तरी तळातून मण्यांच्या माळा सुटाव्यात तसे ते येतच होते. सकाळी आठच्या आत जा, मग गर्दी होते.

सावरीचा धबधबा पावसाळ्यात बघावा, पण जळवा असतात. मीठ जवळ ठेवा. मैनापीच्या धबधब्याला जाणं आईमुळे जमलं नाही. हे सगळं रान 1999 साली अभयारण्य झालं, 211 चौरस किलोमीटरचं, त्यामुळे आत जाताना वनखात्याच्या नाक्यावर थांबावं लागतं. मडगावहून केपे, तिळामळ, रिवण असा रस्ता धरा.

जेवण घरचं. खतखत्यात, म्हणजे इथल्या मिश्र भाजीत, तिरफळं सढळ हाताने घातलेली, सोबत नाचणीची भाकरी. दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही असा एकही मुक्काम गेला नाही.

माडीच्या जिन्याला कठडा नाही, हे दोनदा सांगूनही तसंच आहे. वयस्कर माणूस बरोबर असेल तर खालची, न्हाणीजवळची खोली फोनवरच ठरवून घ्या.